क्लिनिकची नोकरी सांभाळून नीट एमडीएस पुन्हा देताना

दुपारी सव्वादोनला क्लिनिकचं शटर अर्ध्यावर येतं, मावशी ट्रे ऑटोक्लेव्हला लावून घरी जातात आणि पाचपर्यंत दाराची बेल वाजत नाही. नाशिकच्या बऱ्याच डेंटल क्लिनिकांचा दिवस असा मधोमध चिरलेला असतो. सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी पाच ते नऊ. गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये असोसिएट (सरांच्या हाताखालची डेंटिस्ट) म्हणून लागले, तेव्हा पहिलं वर्षभर ती दुपार मी घरी जाऊन झोपण्यात घालवली. स्कूटरवर जाण्या-येण्यात पाऊण तास, जेवण, मग पडल्या पडल्या मोबाइल. 'नोकरीमुळे अभ्यासाला वेळच मिळत नाही' असं मी सगळ्यांना सांगत होते आणि ते मला खरंही वाटत होतं.

नीट एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतर दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, मी दोनदा दिली. पहिल्यांदा इंटर्नशिप संपता संपता, दुसऱ्यांदा पूर्णवेळ नोकरी करत. जागा दुसऱ्यांदा मिळाली. त्या वर्षी काय केलं, काय करायला नको होतं, हे सगळं इथे क्रमाने मांडते. बीडीएस झालंय, डेंटल कौन्सिलची नोंदणी आहे, दिवसभर पेशंट बघताय आणि मागच्या वेळचा रँक आठवला की अजून पोटात कालवतं, अशांसाठी हे लिहिलंय.

आधी ठरवा: खरंच पुन्हा द्यायची आहे का?

या परीक्षेला वयाची अट नाही आणि प्रयत्नांची मर्यादाही नाही. ही सोय घातक आहे. 'बघू, पुढच्या वर्षी परत देऊ' म्हणत तीन-तीन वर्षं नुसते फॉर्म भरणारे माझ्याच बॅचमध्ये आहेत. निकाल त्या वर्षीच्या प्रवेशापुरताच चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा रँक पुढे नेता येत नाही. पाटी दर वर्षी कोरी.

एका कागदावर दोन गोष्टी लिहा. मागच्या रँकला न मिळालेली नेमकी कोणती ब्रँच हवी आहे? आणि एमडीएसची तीन वर्षं पगार बंद राहील, हातात फक्त विद्यावेतन येईल, तेव्हा घर कसं चालेल? पहिल्याचं उत्तर 'कुठलीही चालेल, पण नावापुढे एमडीएस लागलं पाहिजे' असं येत असेल, तर थांबा. जनरल प्रॅक्टिस मनापासून आवडत असेल तर एंडो (रूट कॅनाल) किंवा इम्प्लांटचे चांगले कोर्स करून मजेत राहता येतं. हे माझं मत आहे. घरच्यांचं बहुधा वेगळं असेल.

पात्र ठरणं आणि जागा मिळणं यात मोठं अंतर आहे, हेही आधीच मनाशी पक्कं करा. खुल्या आणि ईडब्ल्यूएस गटाला ५० वं पर्सेंटाइल लागतं, एससी, एसटी, ओबीसींना ४० वं. काही वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा भरायला ही रेषा आणखी खाली आणलेली आहे. पण सरकारी कॉलेजातली ऑर्थो (दात सरळ करण्याची शाखा) किंवा एंडोची जागा त्या रेषेच्या कितीतरी वर संपते. म्हणून लक्ष्य ठेवायचं ते रँकचं. मागच्या वर्षीच्या फेऱ्यांच्या याद्या उघडा, तुम्हाला हवी ती ब्रँच तुमच्या प्रवर्गात शेवटी कितव्या रँकला गेली ते बघा आणि तो आकडा टेबलासमोर भिंतीवर चिकटवा.

मागच्या पेपरचं निदान

पेशंट 'दात दुखतोय' म्हणाला की आपण लगेच ड्रिल हातात घेत नाही. एक्स-रे काढतो, ठोकून बघतो, थंड लावून बघतो. स्वतःच्या नापास रँकच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी ॲनाटॉमीचं पान एक उघडून बसतो. दुसऱ्या प्रयत्नातली सगळ्यात महागडी चूक हीच. पहिल्या पानापासून सुरुवात केली की जे येतं तेच पुन्हा वाचलं जातं, कारण येतं ते वाचायला गोड लागतं.

आधी पेपरचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा. २४० प्रश्न, तीन तास, ९६० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला उणे १, सोडलेल्याला शून्य. भाग अ मध्ये १०० प्रश्न, ७५ मिनिटं. त्यात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीपासून डेंटल मटेरियल्सपर्यंतचे पायाभूत विषय. भाग ब मध्ये १४० प्रश्न, १०५ मिनिटं. त्यात जनरल मेडिसिन-सर्जरी आणि आपले सगळे क्लिनिकल विषय. दोन्हीकडे प्रश्नामागे ४५ सेकंदच मिळतात. आणि भाग अ ची वेळ संपली की तो बंद. मागे जाता येत नाही, आणि आधी संपला म्हणून पुढेही जाता येत नाही. तीन तासांचा एकच पेपर समजून सराव करणारा इथेच फसतो.

परीक्षा संगणकावर होते, पेपर घरी येत नाही. प्रश्न बाहेर फोडणार नाही, असं आपण मान्यही केलेलं असतं. त्यामुळे प्रश्न आठवून उतरवायच्या भानगडीत पडू नका. विषय उतरवा: कुठे हात चालत होता, कुठे अडखळला, कुठल्या भागात वेळ कमी पडला, किती प्रश्न सोडले. माझ्या यादीतून दोन गोष्टी लख्ख दिसल्या. पहिली, भाग ब बरा गेला होता आणि भाग अ कोसळला होता. साहजिकच होतं. पहिल्या वर्षाची बायोकेमिस्ट्री वाचून पाच वर्षं झाली होती. दुसरी, निगेटिव्हच्या धाकाने मी ४१ प्रश्न कोरे सोडले होते.

या दुसऱ्या गोष्टीवर जरा रेंगाळते, कारण 'माहीत नसेल तर हात लावू नको' हा सल्ला मला तरी सगळ्यांनी दिला होता. आता हिशेब करा. चार पर्यायांपैकी काहीच कळत नसताना मारलेला तुक्का चारात एकदा लागतो: ४ मिळतात, ३ जातात. म्हणजे चार प्रश्नांत १ गुण वर. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर तीनात एकदा लागतो: ४ मिळतात, २ जातात. दोन पर्याय उडवता आले तर दोनात एकदा: ४ मिळतात, १ जातो, म्हणजे प्रश्नामागे सरासरी दीड गुण. माझ्या ४१ पैकी तीसेक तरी असे होते की दोन पर्यायांत घुटमळून मी पुढे गेले. सरासरीच्या हिशेबाने तिथेच ४५ गुण सांडले. पाचात एक बरोबर आला तरी ना नफा ना तोटा, आणि पाचात एकपेक्षा वाईट तुक्का मारायला विशेष प्रतिभा लागते!

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. सराव चाचणी सोडवताना अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे फुली मारा आणि शेवटी फुल्यांपैकी किती लागल्या ते मोजा. चार-पाच चाचण्यांत तुमचा स्वतःचा आकडा निघेल. काहींना 'नक्की चुकीचा' वाटणारा पर्यायच बरोबर असतो. तसं होत असेल तर तो विषय नीट झालेला नाही, असं समजा.

तासांचा हिशेब, खोटं न बोलता

नोकरी करणारा माणूस वेळापत्रक करताना स्वतःला जेवढं फसवतो तेवढं कुणी फसवत नाही. रात्री दहा ते एक अभ्यास, असं मीही लिहिलं होतं. नऊला शेवटचा पेशंट, साडेनऊला घर, जेवण, आणि पुस्तक उघडलं की अक्षरं पोहायला लागतात. आठ तास मान वाकवून लाइटखाली काम केलेल्या डोळ्यांकडून रात्री पॅथॉलॉजीची अपेक्षा धरू नका. तीन आठवड्यांत मी ते पान फाडलं.

टिकलं ते असं. पहाटे साडेपाच ते साडेसात, दोन तास, नवीन वाचन. दुपारी पावणेतीन ते सव्वाचार, दीड तास, क्लिनिकमध्येच, फक्त प्रश्न. रात्री वीस मिनिटं कालच्या चुका, बस. ही वीस मिनिटं मी हिशेबात धरतच नाही. रविवारी सहा तास. आठवड्याचे झाले २७. ऑगस्ट ते फेब्रुवारी अखेर असे ३० आठवडे धरले तर ८१० तास होतात. त्यातला एक चतुर्थांश आत्ताच वजा करा: गणपती, दिवाळी, चुलतबहिणीचं लग्न, व्हायरल ताप, आणि क्लिनिकमध्ये दुसरी असोसिएट रजेवर गेली म्हणून तुमच्यावर पडलेले दिवस. उरले सहाशे. सहाशे तास आणि विषय एकोणीस. हा आकडा दिसला की 'सगळं सविस्तर वाचू' हा मोह आपोआप गळतो.

मी त्या सहाशेचे असे भाग केले: वाचनाला तीनशे, प्रश्न सोडवायला एकशे ऐंशी, पूर्ण चाचण्या आणि त्यांच्या तपासणीला एकशे वीस. नोकरी नसलेल्यांशी तुलना करू नका. त्यांच्याकडे दुप्पट तास असतील, पण त्यातले किती ॲपवर रँक बघण्यात जातात ते मी इंटर्नशिपमध्ये स्वतःच अनुभवलंय.

परीक्षेची तारीख दर वर्षी सरकते. २०२२ मध्ये २ मे, २०२३ मध्ये १ मार्च, २०२४ मध्ये १८ मार्च (तीही आधी ९ फेब्रुवारी जाहीर झालेली), २०२५ मध्ये १९ एप्रिल. म्हणून फेब्रुवारी अखेर हीच शेवटची तारीख मानायची. पुढे गेली तर वरचे आठवडे उजळणीला मिळतील.

जागेचं म्हणाल तर घरी नको. नाशिकमध्ये अभ्यासिकांना तोटा नाही, आणि १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय म्हणजे सावाना गावात आहेच. रविवारी मी अभ्यासिकेत बसायचे. पहाट मात्र घरीच. इथली डिसेंबर-जानेवारीची थंडी सांगायला नको. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की पांघरुणातून पाय बाहेर निघत नाही. आई स्वयंपाकघरातून "उठलीस का गं?" एवढंच विचारायची. मी झोपेतच "हो" म्हणायचे. शेवटी मोबाइल रात्रीच बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायला सुरुवात केली. गजर बंद करायला उठावंच लागायचं.

सरांशी बोलणं

हे टाळू नका आणि जानेवारीपर्यंत लांबवूही नका. ज्यांच्याकडे काम करता त्यांना परीक्षेचं शेवटच्या महिन्यात कळलं की त्यांची गैरसोय होते आणि तुमची रजा अडते. मी जुलैअखेर, सकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आधी, सरांना गाठलं.

"सर, मला पुढच्या वर्षी नीट एमडीएस परत द्यायची आहे. सोमवार आणि गुरुवारी संध्याकाळी सातला निघाले तर चालेल का? त्या दोन दिवसांचं टक्केवारीतून कमी करा. आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस रजा लागेल, बिनपगारी चालेल."

सर काही क्षण अपॉइंटमेंटचं रजिस्टर बघत राहिले. मग म्हणाले, "मंगळवार-शुक्रवार घे. सोमवारी गर्दी असते. आणि फेब्रुवारीपासून नवीन रूट कॅनाल स्वतःकडे घेऊ नकोस."

म्हणजे मागायला जाताना दोन दिवस, नेमके तास आणि पैशाचा तोडगा घेऊन जायचं. 'जरा ॲडजस्ट करा ना सर' म्हणून गेलात तर समोरच्याला काय द्यायचं तेच कळत नाही. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवा. आधीच्या एका ठिकाणी तोंडी कबूल झालेली रजा ऐन वेळी 'असं कधी ठरलं होतं?' यावर आली होती, तेव्हापासून मी हे करते. सायंकाळचे ते चार तास वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ते माझे बुडालेले दिवस भरून काढायला होते.

खुर्चीतला पेशंट हीच उजळणी

नोकरी करणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे जी दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्याकडे नाही. रोज पंधरा पेशंट. त्यांना अभ्यासात ओढा.

ॲप्रनच्या खिशात मी दहा रुपयांची छोटी डायरी ठेवायचे. दोन पेशंटच्या मधल्या तीन मिनिटांत एक ओळ लिहायची. पेशंटचं नाव कधीच नाही, फक्त प्रश्न. एक उदाहरण सांगते. साठ किलोचे एक काका, खालची दाढ काढायची, ब्लॉक (बधिर करण्याचं इंजेक्शन) देऊन दहा मिनिटं झाली तरी "दुखतंय हो डॉक्टर". दुसऱ्यांदा ब्लॉक दिला. डायरीत लिहिलं: 'ब्लॉक चुकला का? किती मिली. देता येतं?' दुपारी बसून सोडवलं. ॲड्रिनलिनसह लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा किलोमागे ७ मिग्रॅ., म्हणजे ६० किलोला ४२० मिग्रॅ. (वरची मर्यादा ५०० मिग्रॅ.). २ टक्के द्रावणात मिलीलिटरला २० मिग्रॅ., म्हणजे २१ मिली. १.८ मिली.च्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिग्रॅ., म्हणजे ११ कार्ट्रिज पूर्ण, बारावं नाही. आणि ब्लॉक बरोबर बसूनही दुखत असेल तर मायलोहायॉइड नर्व्हकडून येणाऱ्या जादा संवेदनेचा विचार. एका दाढेत ॲनाटॉमी, फार्माकॉलॉजी आणि ओरल सर्जरी. हे गणित मी पुस्तकात चार वेळा वाचून विसरले होते. त्या काकांच्या चेहऱ्यासकट ते आजही डोक्यात आहे.

तसंच बीपीची गोळी चालू असलेल्या, हिरड्या फुगून दातांवर आलेल्या बाई. गोळीच्या पाकिटावर ॲम्लोडिपिन. लगेच हिरड्या फुगवणाऱ्या औषधांची यादी: कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन. पेरिओ (हिरड्यांचा विषय), फार्मा, मेडिसिन आणि ओरल पॅथ एका ओळीत. सुपारी-गुटखा खाऊन तोंड दोन बोटंच उघडणारा तरुण आला की सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर आखडणं), सुपारीतलं अरेकोलिन, आणि मग त्याला सोडायला सांगणं. हे शेवटचं परीक्षेत विचारत नाहीत, तरी सांगायचं. वरच्या पहिल्या दाढेची आरसीटी, म्हणजे रूट कॅनाल, असेल तर एमबी-टू ही सहज न दिसणारी जादा नळी शोधताना ॲक्सेसचा आकार. एंडोमध्ये नळी धुण्याचं १७ टक्के ईडीटीए हातात घेताना स्मिअर लेयरचा (नळीच्या भिंतीवरच्या थराचा) कोणता भाग तो काढतो आणि कोणता हायपोक्लोराइट, हे मनात म्हणायचं. गंमत म्हणजे पेशंटला वाटतं डॉक्टर फार विचार करून काम करतायत.

धोका एकच. क्लिनिकमध्ये आपण जसं करतो आणि पुस्तक जसं सांगतं त्यात फरक असतो. सवयीने उत्तर दिलं की चुकतं. पेपरमध्ये पुस्तकाचं उत्तर.

काय वाचायचं, काय सोडायचं

प्रत्येक विषयाला एकच आधार ठेवा. बीडीएसच्या स्वतःच्या नोट्स असतील तर त्याच, नाहीतर एक मार्गदर्शक. प्रश्नसंचही एकच, पण तीन वेळा. कपाटातली सहा पुस्तकं मनाला उभारी देतात, गुण देत नाहीत.

क्रम माझा असा होता: आधी भाग अ, कारण तिथे पडले होते. त्यातही ओरल हिस्टॉलॉजी, डेंटल ॲनाटॉमी, मटेरियल्स आणि फार्मा आधी. हे विषय मर्यादित आहेत, प्रश्न ठरलेल्या जागांवर येतात आणि पुढे क्लिनिकल विषयांत परत भेटतात. मटेरियल्स नीट झालं तर प्रोस्थो (कॅप-कवळीचा विषय) आणि एंडो अर्धे हलके होतात. जनरल मेडिसिन आणि सर्जरी हे समुद्र आहेत. डेंटिस्टच्या खुर्चीशी संबंध येतो तेवढंच घ्या: रक्त गोठणं, मधुमेह, हृदयाचे पेशंट आणि अँटिबायोटिक, हिपॅटायटिस, थायरॉइड. मी मेडिसिनला ४० तास देऊन बसले होते. त्यातले २५ वाया गेले असं आज म्हणते.

नुसते आकडे आणि याद्या, म्हणजे दात येण्याची वयं, कवटीची छिद्रं आणि त्यातून जाणाऱ्या नसा, पब्लिक हेल्थचे निर्देशांक, गटापर्चातल्या घटकांचं प्रमाण, हे सगळं एका वेगळ्या वहीत काढा आणि ऑक्टोबरमध्ये पाठ करत बसू नका. ते शेवटच्या तीन आठवड्यांचं खाद्य.

चुकांची वही

दुसऱ्या प्रयत्नात एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर तीन रकाने: चूक काय झाली, का झाली, आणि योग्य गोष्ट एका ओळीत. 'का' या रकान्यात मी फक्त चार अक्षरं वापरायचे. 'न' म्हणजे माहीतच नव्हतं. 'गों' म्हणजे दोन गोष्टींत गोंधळ. 'वा' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, 'सोडून' किंवा 'नाही' हा शब्द निसटला. 'घा' म्हणजे घाई.

नोव्हेंबरअखेर मोजलं तर 'न' निम्म्याहून कमी होते. सगळ्यात जास्त 'गों'. म्हणजे मला आणखी वाचायची गरज नव्हती. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड, ओडोन्टोमाचे दोन प्रकार, केनेडीचा वर्ग एक आणि दोन, अशा जोड्या शेजारी शेजारी मांडून बघायची गरज होती. मी तशी साठेक जोड्यांची पानं केली. प्रत्येक जोडीत फक्त फरक, साम्य नाही. 'वा' वर उपाय अगदी बाळबोध: पर्याय वाचायच्या आधी प्रश्नाचा शेवटचा शब्द पुन्हा वाचायचा. दोन सेकंद जातात, पाच गुण वाचतात.

पूर्ण चाचण्या

डिसेंबरपासून दर दुसऱ्या रविवारी एक, फेब्रुवारीत दर रविवारी. ७५ मिनिटांनी भाग अ सक्तीने बंद करायचा, मग मन कितीही मागे धावो. एका बैठकीत, पाण्याची बाटलीही लांब. भाग अ मध्ये तुमची गती बघा: पहिल्या ३५ मिनिटांत ५० प्रश्न व्हायला हवेत, म्हणजे खुणा केलेल्यांकडे वळायला थोडा वेळ उरतो.

चाचणीला तीन तास लागले तर तपासणीला चार द्या. बरोबर आलेलेही तपासा. तुक्क्याने बरोबर आलेला प्रश्न परीक्षेत चुकायची दाट शक्यता असते. आणि ॲपवरच्या रँकवरून घरात रुसून बसू नका. माझ्या जानेवारीतल्या चाचणीचे गुण डिसेंबरपेक्षा कमी आले होते, त्या रविवारी मी मिसळ खायलाही गेले नाही. नंतर वही काढून बघितलं तर दहा चुका निव्वळ 'घा' होत्या. आदल्या रात्री क्लिनिकमधून साडेदहाला आले होते, दुसरं काही नाही.

फॉर्म आणि कागद

हे कंटाळवाणं आहे, पण नोकरी करणारे इथेच अडकतात, कारण कार्यालयं उघडी असतात तेव्हा आपण खुर्चीशी असतो. ऑक्टोबरमध्येच एक अर्धा दिवस रजा टाका आणि हे बघा.

राज्य डेंटल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का. पदवी, नोंदणी आणि आधारवरचं नाव एकच आहे का. लग्नानंतर एका ठिकाणी नाव बदललं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, अशा मैत्रिणींची धावपळ मी पाहिली आहे. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर दोन वेगळ्या नमुन्यांत लागतं: राज्याच्या कोट्यासाठी राज्याचं, अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं. एक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. राज्याचं ठरावीक ३१ मार्चपर्यंतच चालतं, त्यामुळे जुनं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे एवढ्यावर विसंबू नका, त्यावरची तारीख वाचा. अधिवास, जात वैधता, सगळं एकाच फाइलमध्ये, आणि स्कॅन करून मोबाइलमध्ये.

प्रवेशाच्या वाटा दोन. सरकारी कॉलेजांच्या निम्म्या जागा (हाच अखिल भारतीय कोटा) आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा एमसीसी या केंद्राच्या समितीकडून, राज्याच्या जागा राज्याच्या सीईटी सेलकडून. दोन्हीकडे वेगळी नोंदणी. एमसीसीकडे अनामत रक्कम भरावी लागते: अखिल भारतीय कोट्याला २५,००० रुपये (राखीव प्रवर्गाला १०,०००), अभिमतला २ लाख. ती परत मिळते, पण त्या दिवशी खात्यात हवी. पगारातून तेवढी बाजूला टाकायला ऑगस्टपासूनच सुरुवात करा. आणि मिळालेली जागा घेऊन मध्येच सोडायचा विचार असेल तर दंडाचे नियम आधी वाचा, मित्राला विचारू नका.

केंद्र नाशिकलाच मिळेल हे गृहीत धरू नका. मुंबई आलं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून त्याच दिवशी पोहोचू, हा विचार सोडा. आदल्या दिवशी जा, केंद्र बघून या, लवकर झोपा. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि कौन्सिल नोंदणीची छायाप्रत, हे तिन्ही लागतं. छायाप्रत विसरणारे दर वर्षी केंद्राबाहेर झेरॉक्सचं दुकान शोधत असतात. दागिने घरी ठेवा.

रजेवर जाण्यापूर्वी

शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काहीही वाचायचं नाही. चुकांची वही, जोड्यांची पानं, आकड्यांची वही, एवढंच. पण हे पंधरा दिवस खरोखर मोकळे हवे असतील तर क्लिनिक नीट सोपवून जावं लागतं. नाहीतर तिसऱ्या दिवशी फोन येतो, "मॅडम, ते निमाणी स्टँडजवळचे काका आलेत, त्यांच्या दातात औषध ठेवलंय म्हणतात, कुठल्या दातात ते त्यांना आठवत नाही."

म्हणून रजेच्या दोन दिवस आधी मी रिसेप्शनच्या टेबलावर बसून एक यादी केली. अकरा पेशंट, आधी दाताचा क्रमांक. ३६, दोन सिटिंग झाल्या, कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलंय, ऑब्ट्युरेशन (नळी भरणं) बाकी. २६, कॅपचं माप लॅबला गेलंय, शेड ए-टू, गुरुवारी येईल. ४८ काढली, टाके सोमवारी काढायचे, मधुमेह आहे, साखर विचारणे. वरची कवळी, ट्रायलला आजींना 'जरा पुढे वाटते' म्हणून परत पाठवलीय. प्रत्येकासमोर पुढची तारीख आणि किती पैसे यायचे ते. सरांनी यादी वाचली, खाली सही केली आणि मावशींना म्हणाले, "पंधरा दिवस हिला फोन करायचा नाही. काही लागलं तर मला विचारा."

मावशींनी तरी एकदा केलाच. ऑटोक्लेव्हची शिट्टी वाजत नव्हती.